लहान प्लॉट, वाढीव खोली आणि सवलतीचा अर्ज

घरात धाकट्याचे लग्न ठरले की कोल्हापुरात पहिला विषय निघतो तो वर एक खोली काढण्याचा. मंगळवार पेठेतल्या किंवा उत्तरेश्वर पेठेतल्या कुटुंबाला पेठ सोडायची नसते. तालीम, मंडळ, भाऊबंद, दुकान सगळे तिथेच असते. जागा मात्र वाटण्या होत होत बारा-पंधरा फूट रुंदीवर आलेली. उपनगरात गुंठा-दीड गुंठ्यावर घर बांधलेल्यांची अडचण वरवर वेगळी दिसते, पण मुळात तीच आहे. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी जागा सोडली तर वाढवायला फारसे काही उरत नाही. अशा वेळी नियमात सवलत मागता येते का, ती कोण देतो, कशाच्या आधारावर देतो आणि मुळात द्यावी का, या प्रश्नांवर घरमालक, अभियंते, नगररचनाकार, शेजारी आणि न्यायालये यांची आपापली मते आहेत. ती सहसा एकत्र मांडली जात नाहीत, कारण प्रत्येकाची गाठ या प्रश्नाशी वेगळ्या टप्प्यावर पडते: मालकाची बांधण्याआधी, शेजाऱ्याची बांधताना आणि न्यायालयाची बांधून झाल्यावर.

पेठा, पुऱ्या आणि गुंठे

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. पेठा त्याहून जुन्या. पायवाट आणि बैलगाडीपुरत्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी घरे, आत चौक किंवा परसू, असे त्यांचे मूळ रूप. पुढे शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची बाजारपेठ वसली आणि राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी. राजारामपुरीच्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात, कारण ती वसाहत आधी कागदावर आखली गेली आणि मग उभी राहिली. शेजारच्या ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला होता. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे तो इथे आपोआप लागू नव्हता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यानंतर शहर हळूहळू राज्याच्या नियमांच्या चौकटीत आले. आज जी चौकट आहे ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याची.

१५ डिसेंबर १९७२ रोजी महानगरपालिका झाली, पण शहराची हद्द वाढली नाही. हद्दवाढीची मागणी आणि तिला लगतच्या गावांचा विरोध हा कोल्हापूरच्या राजकारणातला सर्वांत जुना विषय म्हणता येईल. सुमारे ६७ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास लोक होते. हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, म्हणजे शहर एका संस्थेकडे आणि त्याची वाढ दुसऱ्या संस्थेकडे. शहर आडवे पसरायला जागा नसली की भार उभ्या वाढीवर येतो, आणि लहान प्लॉटवर उभे वाढणे हेच सर्वांत अवघड.

तिसरा प्रकार गुंठेवारीचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, अधिकृत रेखांकन न करता, गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जागा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. नोकरदार, कारखान्यातले कामगार, शेती सोडून शहरात आलेली कुटुंबे यांना परवडणारी जागा ती हीच होती. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट दिली. प्लॉट नियमित झाला तरी त्याचे आकारमान बदलत नाही. वाढीव बांधकामाचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

क्षेत्र हातात, पण मांडायला जागा नाही

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता बहुतेक राज्याला ती लागू आहे, आणि कोल्हापूरचे जुने स्वतंत्र नियम तिच्यात विरून गेले. या नियमावलीत लहान प्लॉटच्या दृष्टीने दोन मापे महत्त्वाची. एक चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीतला एफएसआय: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल. दुसरे सामासिक अंतर, म्हणजे मार्जिन: रस्ता आणि शेजारी यांच्यापासून किती जागा मोकळी सोडायची.

सार्वजनिक चर्चेत एफएसआयचाच गजर असतो. मोठ्या इमारतींसाठी ते बरोबरही आहे. पण एका गुंठ्यावर गणित करून पाहिले की चित्र उलटे दिसते. प्लॉटची बाजू साधारण दहा मीटर. समोर तीन मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायचे धरले, तर रुंदीत सात मीटर आणि खोलीत साडेपाच मीटर उरतात. म्हणजे एका मजल्यावर जेमतेम ३९ चौरस मीटर, सव्वाचारशे चौरस फुटांच्या आत-बाहेर, आणि त्यातूनच जिना काढायचा. दाट वस्तीबाहेरचा मूळ निर्देशांक १.१ धरला तर याच प्लॉटवर १११ चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय आहे. ते वापरायचे तर जवळजवळ तीन मजले चढवावे लागतात. तळमजल्यावर एक खोली वाढवावी असे वाटणाऱ्या कुटुंबाच्या हातात क्षेत्र आहे, पण ते जमिनीवर ठेवायला जागा नाही. लहान प्लॉटवरच्या बहुतेक सवलतींच्या अर्जांचे मूळ इथे सापडते.

पेठेत मार्जिनचे नियम सैल आहेत आणि दाट वस्तीसाठी मूळ निर्देशांकही १.५ आहे. तिथली अडचण रुंदीची आणि गल्लीची. बारा फूट रुंद आणि साठ फूट खोल जागा घ्या. क्षेत्र ७२० चौरस फूट, त्यावर १०८० चौरस फूट बांधता येते. तळमजल्यावर पूर्ण जागा व्यापली असेल तर वर ३६० चौरस फुटांचा हक्क शिल्लक आहे. पण बारा फुटांतले तीन फूट जिना घेतो. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्याने मधल्या खोलीला खिडकी मिळत नाही, आणि उजेडासाठी चौक किंवा डक्ट ठेवला की आणखी जागा जाते. गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर नव्या बांधकामाला गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर मागे सरावे लागते. आठ फुटी गल्लीत हे अंतर सोडायचे म्हणजे दर्शनी भिंत जवळपास साडेतीन फूट आत घ्यायची. सोडलेल्या जागेचा मोबदला चटईक्षेत्राच्या रूपाने मिळू शकतो, पण तो वापरायला पुन्हा वरच जावे लागते. म्हणूनच पेठेतली कितीतरी कुटुंबे पाडून नव्याने बांधण्यापेक्षा दुरुस्तीची परवानगी घेतात आणि दुरुस्तीच्या आडून भिंती नव्या करतात. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवर स्लॅब चढतो तोही बऱ्याचदा असाच. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत धोक्याचा भाग हा आहे, कारण कागदावर ती दुरुस्ती असल्याने पायाची आणि भिंतीची ताकद कोणी तपासतच नाही.

सवलतीचे कलम

नियमावलीत आयुक्तांना विशेष परवानगीने मोजमापांत सवलत देण्याचा अधिकार आहे. त्याला तीन कुंपणे आहेत. अर्जदाराची अडचण स्पष्टपणे दाखवता आली पाहिजे. सवलतीमुळे त्या घरातल्या आणि आसपासच्या लोकांचे आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. आणि एफएसआय व रस्त्याकडून सोडायचे अंतर यांत, नियमावलीतच वेगळी तरतूद नसेल तर, सवलत नाही. सवलत देताना अटी घालता येतात, अधिमूल्यही आकारता येते. साध्या शब्दांत सांगायचे तर बाजूचे आणि मागचे मार्जिन, खोलीचे किंवा चौकाचे माप अशा गोष्टींपुरतीच ही वाट आहे. गल्लीकडचा साडेतीन फुटांचा प्रश्न या कलमाने सुटत नाही.

या जोडीला नियमावलीने जोखमीवर आधारित परवानगीची पद्धत आणली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचे ठरावीक उंचीचे घर कमी जोखमीचे मानले जाते. परवानाधारक अभियंत्याने नियमानुसार केलेले नकाशे दाखल करून शुल्क भरले की पावतीच परवानगीचे काम करते. तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी दहा दिवसांत निर्णयाची तरतूद आहे. छोट्या माणसाला कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागू नयेत, हा हेतू चांगलाच. अडचण एवढीच की या सोप्या वाटेला नकाशा पूर्णपणे नियमात बसलेला लागतो. सव्वाशे चौरस मीटरच्या प्लॉटवर मार्जिनमध्ये दोन फुटांची सवलत हवी असेल तर तो अर्ज सोप्या वाटेवरून उतरतो आणि छाननी, अभिप्राय, विशेष परवानगी अशा लांबच्या रस्त्याला लागतो. ज्या आकाराच्या प्लॉटला सवलतीची गरज सर्वांत जास्त, त्याच आकारासाठी केलेली सोय सवलत मागताच हातची जाते.

अर्जात काय लागते, तेही पाहू. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणीचा नकाशा, जुना मंजूर नकाशा असल्यास तो, जुन्या बांधकामावर मजला चढवायचा असेल तर संरचना अभियंत्याचा दाखला, आणि अडचण काय आहे ते सांगणारा खुलासा. कोल्हापुरात गाडी अडते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन कागदांवर. वाटणी तोंडी झालेली, कार्डावर आजोबांचे नाव, वारसांपैकी एक पुण्यात तर एक इचलकरंजीत, आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत लग्न होऊन बाळही झालेले असते. बांधकाम झालेल्या घराला घरफाळा लागला की ते कायदेशीर झाले, ही समजूतही पक्की आहे. ती चुकीची आहे. अनधिकृत बांधकामावर दुप्पट करापर्यंत शास्ती लावण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे, आणि ती भरल्यानेही बांधकाम अधिकृत ठरत नाही.

अर्ज नाकारला तर चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. साठ दिवसांत काहीच उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कायद्यात आहे, पण नियमाबाहेरच्या बांधकामाला ती संरक्षण देत नाही. त्यामुळे सवलत मागणाऱ्याला या तरतुदीचा उपयोग जवळपास नाही.

बांधल्यावरची वाट

हा विषय बांधण्याआधीच्या सवलतीपुरता ठेवला तर अर्धाच दिसतो. बांधून झाल्यावर नियमित करून घेण्याच्या वाटाही आहेत. अनधिकृत बांधकामाची नोटीस आली तरी त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. २०१७ मध्ये १९६६ च्या कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे शुल्क भरून प्रशमित करण्याची, म्हणजे दंड आकारून नियमित करण्याची सोय झाली. गुंठेवारीचा कायदा तर आहेच.

याचा लोकांच्या वागण्यावर परिणाम होतो, आणि तो समजून घेतला पाहिजे. आधी परवानगी मागणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, नकार मिळू शकतो, आणि अर्ज केला म्हणजे आपल्या घराकडे कार्यालयाचे लक्ष वेधले जाते अशी भीतीही असते. आधी बांधणाऱ्याचे छप्पर तयार असते, आणि पुढे कधीतरी योजना येईल अशी आशा असते. नियम पाळणाऱ्याला वाट अरुंद आणि मोडणाऱ्याला रुंद, असा संदेश जातो. कायदा करणाऱ्यांच्या मनात तसे नसेल, पण गल्लीत तसेच वाचले जाते.

चार भूमिका

पहिली भूमिका घरमालकांची. त्यांचे म्हणणे असे की मार्जिनचे नियम मोठ्या प्लॉटचा विचार करून केलेले आहेत. चारशे चौरस मीटरच्या प्लॉटवर दीड मीटर सोडणे आणि शंभर चौरस मीटरवर दीड मीटर सोडणे यांचा भार सारखा नाही. पहिल्याची थोडी बाग जाते, दुसऱ्याची खोली जाते. शिवाय पेठेतली माणसे पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिली आहेत, आणि शेजाऱ्यापासून दीड मीटर दूर राहण्याची कल्पना त्यांच्या वस्तीत कधी नव्हतीच. कुटुंब वाढले हीच अडचण, तिचा आणखी पुरावा काय द्यायचा, असे ते विचारतात.

दुसरी भूमिका नगररचनाकारांची आणि अग्निशमन दलाची. मार्जिन म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. उजेड, वारा, सांडपाण्याची वाहिनी, शिडी लावायला जागा, आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये यासाठीचे अंतर हे सगळे त्यात येते. एका घराला दिलेली सवलत लहान दिसते. तीच सवलत रांगेतल्या वीस घरांना मिळाली तर गल्लीत मार्जिन उरतच नाही. म्हणून सवलत अपवादालाच असावी, आणि अपवाद जागेच्या विचित्रपणामुळे व्हावा, मालकाच्या गरजेमुळे नव्हे, असा त्यांचा आग्रह. या भूमिकेत तथ्य आहे हे पेठेतल्या कुठल्याही मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो त्यावरून पटते.

तिसरी भूमिका शेजाऱ्यांची, आणि तिला सध्याच्या पद्धतीत ठरलेली जागाच नाही. मार्जिनची सवलत देताना शेजाऱ्याला नोटीस देऊन ऐकून घेणे हा आपल्या प्रक्रियेचा ठरलेला टप्पा नाही. कार्यालये काही वेळा संमतिपत्र मागतात, पण त्याने दोन्हीकडून गैरसोय होते. चांगल्या शेजाऱ्याची सही सहज मिळते, आणि जुना वाद असेल तर सही हे वसुलीचे साधन होते. शेजाऱ्याला उरतो तो १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा. खिडकीतून येणारा उजेड आणि वारा वीस वर्षे अखंड आणि हक्काने उपभोगला असेल तर तो अडवायला दिवाणी न्यायालयात हरकत घेता येते. हा हक्क खरा आहे, पण वीस वर्षांचा उपभोग सिद्ध करणे आणि दावा निकाली निघेपर्यंत थांबणे सामान्य माणसाला जड जाते. तोवर समोर भिंत उभी राहिलेली असते.

चौथी भूमिका अलीकडे काही वास्तुविशारद आणि अभियंते मांडताना दिसतात. त्यांच्या मते एकेका घराला सवलत देणे ही मुळातच चुकीची पद्धत. ज्या नियमाला शेकडो अपवाद मागितले जातात तो नियमच त्या प्लॉटला बसत नाही, असे समजावे. लहान प्लॉटसाठी वेगळे, सर्वांना लागू असे मार्जिन ठरवावे. एका बाजूला सामाईक भिंत आणि दुसऱ्या बाजूला पुरेशी मोकळी जागा, किंवा मागे सलग चौक, अशी रचना गल्लीगणिक मान्य करावी. मग अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. याच्या विरोधातला मुद्दाही वजनदार आहे. एकदा सर्वांसाठी मार्जिन कमी केले की ते परत वाढवता येत नाही, आणि आज जे प्लॉट मोठे आहेत त्यांचे तुकडे पाडायलाही त्यातून प्रोत्साहन मिळते.

मला स्वतःला चौथ्या भूमिकेचा गाभा पटतो, पण पेठ आणि गुंठेवारी यांना एकच माप लावण्याची घाई त्यात होते असे वाटते. पेठेत भिंती आधीच सामाईक आहेत, तिथे उजेडाचा चौक वाचवणे महत्त्वाचे. गुंठेवारीत अजून अंतरे आहेत, आणि प्रश्न ती किती ठेवायची हा आहे.

न्यायालये आणि बाहेरचा अनुभव

सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या एका प्रकरणात १९७४ मध्ये सांगितले की नगरपालिकेने योजनेच्या विरुद्ध बांधकामाला परवानगी दिली तर आसपासच्या रहिवाशाच्या हक्काला बाधा येते आणि तो दाद मागू शकतो. शेजाऱ्याच्या भूमिकेला भक्कम आधार आहे तो हा. कटकच्या फ्रेंड्स कॉलनी प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने एक भेद केला, आणि तो आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. स्वतःच्या घरात प्रामाणिकपणे झालेले लहानसे विचलन वेगळे, आणि व्यावसायिक बिल्डरने जाणूनबुजून केलेले वेगळे. प्रशमन हा अपवाद असावा आणि दुसऱ्या प्रकाराला तो मिळू नये. मेरठच्या एका प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालय आणखी कडक झाले. प्रशासनाची दिरंगाई, झालेला खर्च किंवा लोटलेला काळ यांमुळे अनधिकृत बांधकाम वैध होत नाही, आणि नियमितीकरणाची योजना अपवादात्मक परिस्थितीतच, राहत्या घरांसाठी एकदाच आणि सविस्तर पाहणीनंतर आणावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बांधल्यावरची वाट न्यायालये अरुंद करत आहेत. बांधण्याआधीची वाट त्या प्रमाणात रुंद झालेली नाही.

सवलतीच्या पद्धतीचा सर्वांत जुना अनुभव अमेरिकेचा. न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली शहरभर विभागीय नियम आले, आणि १९२० च्या दशकात तिथल्या केंद्रीय व्यापार खात्याने राज्यांसाठी आदर्श कायदा तयार केला तेव्हा त्यातच अपवाद देणारे वेगळे मंडळ ठेवले. हे मंडळ बांधकाम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापासून स्वतंत्र असते, शेजाऱ्यांना नोटीस जाते, सुनावणी उघड होते आणि निर्णय कारणांसह नोंदला जातो. तिथली कसोटीही वेगळी आहे. अडचण जमिनीच्या आकारातून किंवा उतारातून आलेली हवी, मालकाने स्वतः ओढवून घेतलेली नको, आणि कुटुंब मोठे झाले ही सबब सहसा चालत नाही. वापर बदलण्यापेक्षा मोजमापाच्या सवलतीला मात्र अनेक राज्यांत हलकी कसोटी लावतात. नियमच बदलण्याची वाटही तिथे काहींनी धरली. ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या मध्यभागात प्लॉटची किमान मर्यादा ५००० वरून १४०० चौरस फुटांवर आणली. तिथली ही धाडसी मर्यादासुद्धा आपल्या गुंठ्यापेक्षा मोठी आहे, त्यामुळे तिथली उत्तरे जशीच्या तशी इथे आणता येणार नाहीत. सुनावणी आणि कारणे नोंदवण्याची शिस्त मात्र प्लॉटच्या आकारावर अवलंबून नाही.

न सुटलेले

पहिला प्रश्न वाटणीचा. पंचवीस फुटी घराचे दोन भावांत उभे दोन भाग झाले आणि प्रत्येकाला साडेबारा फूट आले, तर ती अडचण जागेची की स्वतः ओढवून घेतलेली? आपल्या नियमावलीत अडचणीची व्याख्या नाही. कडक अर्थ घेतला तर पेठेतल्या बहुतेक अर्जदारांची वाट बंद होते. सैल अर्थ घेतला तर उद्याची प्रत्येक वाटणी ही सवलतीची पूर्वतयारी ठरते. एका ठरावीक तारखेआधीच्या वाटण्या धराव्यात आणि नंतरच्या धरू नयेत, असा मधला तोडगा सुचवता येतो. मात्र तोंडी वाटणीची तारीख कशी ठरवणार, हे कोडे तरीही राहते.

दुसरा प्रश्न कारणांचा. सवलत दिली किंवा नाकारली याची कारणे एका ठिकाणी, सर्वांना पाहता येतील अशी, मांडली जात नाहीत. त्यामुळे तशाच अडचणीच्या दोन घरांना वेगवेगळी उत्तरे मिळाली तर ते योग्य कारणाने झाले की कसे, हे कोणालाच सांगता येत नाही. अधिकाऱ्यावर संशय येतो आणि प्रामाणिक अधिकाऱ्याकडे तो दूर करण्याचे साधन नसते. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांच्या फलकावर दर महिन्याला सवलतींची यादी कारणांसह लावायला नवा कायदा लागत नाही.

तिसरा प्रश्न अधिमूल्याचा. सवलतीसाठी पैसे घ्यायचे असतील तर ते कशाचे? शेजाऱ्याचा उजेड कमी होतो आणि पैसे महापालिकेकडे जातात. ती रक्कम त्याच गल्लीच्या गटारासाठी किंवा अग्निशमनाच्या सोयीसाठी राखून ठेवावी, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. एकत्रित निधीत गेलेला पैसा गल्लीला परत दिसत नाही, आणि अधिमूल्य परवडणाऱ्यालाच सवलत मिळाली तर लहान प्लॉटचा मूळ विषयच बाजूला पडतो.

आणि चौथा, खास कोल्हापूरचा, पुराचा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांतल्या माणसांना ते आकडे भिंतीवरच्या खुणांवरून पाठ आहेत. नदी आणि निळी पूररेषा यांच्यामधल्या पट्ट्यात नवे बांधकाम जवळपास बंद आहे, तिथल्या जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी तेवढी अटींसह करता येते. निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान जोता लाल रेषेपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच ठेवावा लागतो. या घरांना वरची खोली हवी असते ती धान्य, कागदपत्रे आणि म्हातारी माणसे पाण्याच्या वर ठेवायला. जीव वाचवण्यासाठी मागितलेली सवलत आणि लग्नासाठी मागितलेली सवलत एकाच कसोटीला लावायची का, हे नियमावली सांगत नाही. सुरक्षितता हे सवलत नाकारण्याचे कारण म्हणून तिच्यात आहे, सवलत देण्याचे कारण म्हणून नाही.

त्यातही एक गुंता आहे. लहान प्लॉटवर जोता चार-पाच फूट उचलला की पायऱ्या येतात, आणि त्या मार्जिनमध्येच उतरतात. पाण्याला वाट देणारी तीच बाजूची पट्टी भरावाने बंद झाली तर जुन्या, ठेंगण्या जोत्याच्या शेजाऱ्याकडे पाणी आधी शिरते आणि उशिरा उतरते. एकाने नियम पाळून घर उंच केले आणि त्याचा त्रास दुसऱ्याला झाला, तर कोणाची अडचण आधी धरायची हे आज कुठल्याच कलमात नाही. शहराची पुढची विकास योजना तयार होताना पूररेषेतल्या लहान प्लॉटचा विचार घराघराने न करता गल्लीने करावा, म्हणजे जोत्याची उंची आणि पाण्याची वाट सगळ्या रांगेसाठी एकदम ठरवावी, असे काही अभियंत्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी रांगेतल्या सगळ्या मालकांनी एकत्र अर्ज करावा लागेल, आणि असा एकत्रित अर्ज घेण्याचा नमुना सध्याच्या पद्धतीत नाही.